सूनबाई चौकात थांबली तेव्हा

आमची थोरली सून दवाखान्याच्या शिवणखोलीत काम करते. खोली जेमतेम दोन मशिनींची, भिंतीला टेकून कापडाचे तागे आणि दिवसभर खटखट. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डासाठी ती सदरे शिवते. अंगाला टोचू नये म्हणून शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवते. बोलणं कमी, पण बोलली की समोरचा गप्प. मी सासरा असून हे सांगतोय, म्हणजे बघा!

या वॉर्डाच्या मदतीसाठी परदेशात आठवडाभराची सायकलफेरी निघाली. दवाखान्यातली काही मंडळी जायची ठरली, तसा हिनंही हात वर केला. वॉर्डातल्या पोरांनी अट घातली, "मावशी, मागून येणाऱ्या गाडीत बसायचं नाही हं. बसलात तर चीटिंग!" हिनं शब्द दिला.

सायकल ती लहानपणी वडिलांच्या उंच सायकलवर शिकलेली. एक पाय पायडलवर ठेवायचा, दुसऱ्यानं रस्ता ढकलत पळायचं आणि वेग आला की टांग टाकायची. मीही तसाच शिकलो. एकदा तर टांग टाकायचा धीरच होईना, तेव्हा शाळेपर्यंत सायकलशेजारी पळत गेलो. गुरुजी म्हणाले, "अरे, मग हिला कशाला दमवलीस?" असो. आमच्याकडे सरावाला रस्ता मोकळा. एकदा बसली की ही घराच्या दारातच उतरायची. उभ्या जागेवरून हिला निघता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ते तिकडे आलं, पहिल्याच मोठ्या चौकात. दिवा हिरवा झाला, बाकीचे निघाले. ही आपली पळाली आणि ऐन घोळक्यात टांग टाकली. पाय शेजारच्याच्या हँडलला लागला नि तिघं एकमेकांवर आडवे! खरचटण्यावर भागलं. पण गळ्यात शिट्टी अडकवलेले म्होरके भडकले. सोबतच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं बोलणं हिला समजावलं, "ते म्हणतात, उद्या सकाळपर्यंत जागेवरून निघायला शिका. नाहीतर पुढचा सगळा प्रवास गाडीतून."

संध्याकाळी मुक्कामाच्या मागच्या अंगणात हिनं सराव मांडला. सायकल नुसती डुलायची आणि हिचा पाय खाली यायचा. तिथूनच फोन आला. "बाबा, जमत नाहीये. पोरांना काय सांगू?"

मी म्हटलं, "पायडल कुठं असतं गं तुझं, दाबतेस तेव्हा?"

"खालीच. पळताना खालीच लागतं ना."

आणि तीच एकदम म्हणाली, "अगंबाई! मशीनचं पायडल चुकीच्या जागी असताना दाबलं तर चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. म्हणून मी आधी चाक हातानं फिरवून घेते. इथंही पायडल आधी वर आणायला हवं!" आणि फोन ठेवलासुद्धा. सासऱ्याला 'बरं बाबा' म्हणायचीही फुरसत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन चालू ठेवून तिनं खिशात टाकला होता. मला नुसता आवाज. मोटारींची घरघर, मग एकदम सगळं थांबलं. म्हणजे चौक आला. मी खुर्चीच्या काठावर. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पायडल वर आहे ना?" ही म्हणाली, "आहे." लांब शिट्टी वाजली. खर्र... कुणीतरी "सांभाळा, सांभाळा!" ओरडलं. मग साखळीचा एकसारखा आवाज आणि त्यावर हिचं हसू. घरात हिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"गेली! निघाली!" मी ओरडलो.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या. "अहो, सायकल ती चालवतेय. तुम्हाला का धाप लागलीय?"

मी बोटानंच गप्प केलं. पुढचा चौक येत होता.