लीड्सकाकांचा ग्लास

लीड्सकाकांना कुणी थंडगार बिअर दिली, की ते ती हात न लावता परत करायचे. "थंडीने जिभेला भूल पडते. मला शुद्धीत प्यायचंय," म्हणायचे. मूळचे नागपूरचे. तरुणपणी इंजिनियर म्हणून इंग्लंडात लीड्सला गेले, तिथेच नोकरी संपवली आणि काकू गेल्यावर इथे अमेरिकेत, हर्नडनला मुलीकडे राहायला आले. मी त्यांच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो, मीही नागपूरचा, त्यांच्यासारखाच बुद्धवंदना ऐकत वाढलेला. शुक्रवारी त्यांना इंग्लिश पबमध्ये न्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

त्यांचं बिअर निवडणं म्हणजे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखं चाले. पिंप कधी फोडलं, कुठून आलं, किती टक्के, सगळी चौकशी. मग चाखायला घोटभर मागायचे, उजेडात रंग बघायचे, नाकाशी धरायचे. हलक्या बिअरला ते ताक म्हणत. त्यांना हवी असे ती हातपंपाने ओढून काढलेली, गडद, स्ट्राँग इंग्लिश एल. मला शिकवायचे, "कडू लागलं पाहिजे, पण कडू राहायला नको. राहिलं तर समज पिंप बिघडलंय." बिअरच्या बाबतीत ठीक होतं. काकांच्या स्वतःच्या मनात मात्र एक कडू घोट तसाच राहिला होता.

तो दिला होता एका माणसाने. त्याला मी यजमानच म्हणतो. नाव घेऊन तोंड विटाळायची इच्छा नाही. मी इथे येण्याआधीची गोष्ट. काका नवे आले म्हणून यजमानाने दिवाळीला घरी बोलावलं. आडनाव विचारलं, मग नागपुरात कुठे, ते विचारलं. काकांनी वस्तीचं नाव सांगितलं. थोड्या वेळाने बिअर आली, सगळ्यांना काचेच्या ग्लासात आणि काकांना कागदी कपात. काकांनी नुसतं बघितलं, तर तो म्हणाला, "काचेचे संपले." त्याच्या पाठीमागच्या कपाटात ग्लासांची रांग लागली होती.

काका ती बिअर तशीच ठेवून उठून आले. त्यानंतर त्यांनी कागदी कपात पाणीसुद्धा प्यायलं नाही. मुलगी म्हणायची, बाबा, लेट इट गो. काका म्हणायचे, "त्याने कबूल करू दे, मग सोडतो." मला हे फार आवडायचं. क्षमेचे गोडवे गाणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. त्यांच्या हातात कुणी कागदी कप दिलेला नसतो.

हाच यजमान पुढे ऑफिसात माझा मॅनेजर झाला. एका हिवाळ्यात, नेमकं शुक्रवारी, त्याने टीमला त्याच पबमध्ये नेलं. आमच्या अमेरिकन डायरेक्टर बाईंना एलची आवड, म्हणून हा जाणकार बनला होता. सगळ्यांत स्ट्राँग एल मागवली, एक घोट घेतला आणि गरम आहे, फेस नाही, शिळी दिसते म्हणून परत पाठवली. बारवाला हसला. ही अशीच असते, म्हणाला, आणि हवं तर त्यांना विचारा म्हणत त्याने, मी आधीच आणून कोपऱ्यात बसवलेल्या काकांकडे बोट केलं. बाई उठून काकांपाशी गेल्या. मागोमाग यजमानाला जावंच लागलं.

काकांच्या हातात तीच एल होती. पिंप आता संपलं, हा शेवटचा ग्लास, असं बारवाल्याने सांगितलं. काकांनी सावकाश एक घोट घेतला आणि ग्लास पुढे सरकवला. बाईंनी बेधडक उचलला, प्यायल्या, वा म्हणाल्या आणि यजमानाच्या हातात दिला. काका मराठीत म्हणाले, "घ्या. माझं उष्टं आहे. चालेल ना?"

बाई बघत होत्या. तो प्यायला. घोट खाली उतरेपर्यंत काका त्याच्या गळ्याकडे बघत होते, आणि मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. घरी येताना गाडीत म्हणालो, काका, फिटलं का? "अर्धं," ते म्हणाले. "उरलेलं त्याने तोंडाने कबूल केलं की."

ते ऐकायला काका राहिले नाहीत. मार्चमध्ये झोपेतच गेले. त्यांच्या मुलीने घरी शोकसभा ठेवली. यजमान आला, पांढरा कुर्ता घालून. उभा राहून भरल्या गळ्याने म्हणाला, "आमच्यात कधी भेदभाव नव्हता. एका ग्लासातून प्यायलोय आम्ही."

माझं डोकं सणकलं. काकांनी त्याला पाजलेला घोट यजमान आता स्वतःच्या छातीवर बिल्ल्यासारखा लावून फिरणार होता.

मी किचनमध्ये गेलो. चहा मीच वाटणार होतो. सगळ्यांना काचेच्या कपांतून दिला, आणि शेवटी यजमानासमोर कागदी कप धरला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूच्या हातांकडे.

"काचेचे संपले," मी म्हणालो.

टेबलावर काचेच्या कपांची रांग तशीच होती. त्याने ती बघितली, आणि मान खाली घालून कागदी कप घेतला. चहा निवला तरी त्याने तो तोंडाला लावला नाही. सगळे जाईपर्यंत मी समोरच बसून राहिलो.