एका अक्षरातल्या दोन वह्या

"हे अक्षर तुमच्या वस्तीतलं वाटतं का?"

सरांनी माझी वही वर धरून सगळ्या वर्गासमोर मला विचारलं. बारावीची प्रयोगवही, भौतिकशास्त्राची. दुसऱ्या हातात संस्थेच्या सचिवाच्या पोराची वही. दोन्हींत अक्षर एक. मीटर ब्रिजचं रीडिंग एक. खाडाखोडसुद्धा एकाच जागी. वह्या तपासताना हे प्रिन्सिपलच्या नजरेत आलं होतं, अन् ते तिथंच दाराशी उभे होते.

"कोणी कोणाची लिहिली?" त्यांनी विचारलं.

सचिवाचा पोरगा त्या दिवशी वह्यांच्या तपासणीपुरता आलेला, तो उठला. म्हणाला, "मी दिली लिहून तिला. तिला जमत नव्हतं."

पोरं हसली. मी सरांकडं बघितलं. खरं काय ते त्या खोलीत तिघांना माहीत होतं. मला, त्या पोराला अन् सरांना.

सर म्हणाले, "तरीच. मला शंका होतीच."

हां. त्यांना शंका होती म्हणे! जुलैत ह्याच सरांनी मला लॅबमधी थांबवून घेतलं होतं. "काय अक्षर हाय गं तुझं, मोत्यासारखं," म्हणले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी मास्तर माझ्याशी असं बोललेला. मी येडी, फुगले. लगेच त्यांनी टेबलाखालून त्या पोराची कोरी वही काढली. "त्याचं तेवढं उतरून दे. तो बिचारा लातूरला असतो."

तो बिचारा लातूरला नीटच्या शिकवणीला. ॲडमिशन आमच्या कॉलेजात. इथं फक्त त्याचं नाव हजर राहायचं, रोज. मी मात्र पेडगावच्या पुढून एसटीनं यायची. गाडी चुकली का पहिला तास गेला, अन् गैरहजेरी पक्की. तरी मी त्याची वही लिहिली. सांगणाराला न्हाई म्हणायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

प्रिन्सिपल म्हणाले, "परीक्षक बाहेरून येतात. एका अक्षराच्या दोन वह्या दिसल्या तर कॉलेजची लाज जाईल. दोघंही आठ दिवसांत नव्यानं लिहा." वहीच्या पहिल्या पानावर सर्टिफिकेट असतं. त्यावर सरांची सही झाली तरच प्रॅक्टिकलला बसता येतं. माझं वरीस त्या एका सहीवर आलं.

मी लिहायला बसले. स्टँडवर लिहिलं. रानात माय कापूस वेचायची, मी बांधावर मांडीवर पाट घेऊन लिहायची. रान त्याच सचिवाचं. आकृत्या पुन्हा, तक्ते पुन्हा. रसायनशास्त्र राहिलं, गणित राहिलं. डोळ्यांतून पाणी यायचं अन् मी स्वतःवरच चिडायची.

पाचव्या दिवशी सरांनी लॅबमधी बोलावलं. "बस बेटा," म्हणले. खुर्ची दिली.

माय म्हणती, पाटलिणीनं 'बाई' म्हणून हाक मारली का समजायचं, आज दोन ओळी जास्त खुरपायच्यात. खुर्चीवर बसल्या बसल्या मला तेच आठवलं. अन् झालंही तसंच. सरांनी तपकिरी कव्हर घातलेली कोरी वही पुढं सरकवली.

"त्याचीबी लिहून टाक. पण अक्षर बदल. उजवीकडं झुकवून काढ, म्हणजे कोणाला कळणार न्हाई. मग दोघांच्या वह्यांवर एकदमच सही करतो."

चोर म्हणून वर्गात उभी केलेली पोरगी मी. अन् आता चोरी कशी लपवायची तेबी मीच शिकायचं.

खोटं कशाला सांगू, वही मी घरी आणली. उजवीकडं झुकवून एक ओळ काढूनबी बघितली, मागच्या पानावर. जमली. लय सोपं होतं. तिथंच मला भ्या वाटलं.

माय चुलीपुढं होती. तिला वाचता येत न्हाई. तिनं दोन्ही वह्या बघितल्या, म्हणली, "ही कोणाची?"

"सचिवाच्या पोराची."

"अन् अक्षर?"

"माझंच. वाकडं करून."

माय भाकर थापायची थांबली. "तुझं अक्षर वाकडं व्हावं म्हणून मी रानात वाकायलेय का गं?" एवढंच बोलली, अन् पुन्हा थापायला लागली. मला लय लाज वाटली. रागबी आला, अन् ह्या वेळेला तो बरोबर माणसावर आला.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तासाला, सगळ्या वर्गासमोर, मी ती तपकिरी वही सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, हे अक्षर आमच्या वस्तीतलंच हाय. दुसऱ्याच्या वहीत न्हाई जाणार."

सर लाल झाले. "काय बोलायलीस? समजतंय का?"

"समजतंय. त्याला फळ्यावर बोलवा. चार ओळी तो लिहील, चार मी लिहीन. हजेरीत हजर हाय न्हवं तो आज?"

वर्गात कोणी हसलं न्हाई. मस्टर टेबलावर उघडंच होतं. सरांनी ते मिटलं.

"सही कोण करतं ते ध्यानात ठेव," एवढंच म्हणले.

ठेवलं. लिहून झाल्यावर दोन दिवस मी प्रिन्सिपलच्या दारात वही घेऊन उभी राहिले. येणारा जाणारा विचारायचा, का उभी? मी सगळ्यांना सांगायची, अगदी शिपायालाबी. तिसऱ्या दिवशी प्रिन्सिपलनी सरांना बोलावलं अन् माझ्यासमोर सही करून घेतली. माफी कोणी मागितली न्हाई. मायला त्या हप्त्यापासून सचिवाच्या रानात बोलावणं बंद झालं. ती दुसरीकडं जाती, जास्त चालत.

त्या पोराची वहीबी वेळेवर जमा झाली. अक्षर उजवीकडं झुकलेलं. कोणाचं, माहीत न्हाई. मी अजून वर्गातल्या पोरींच्या वह्या गपचूप बघत असते.

परवा प्रॅक्टिकल झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी वही चाळली. म्हातारे, चष्म्यावाले. म्हणाले, "छान अक्षर आहे गं तुझं."

मी विचारलं, "काम काय हाय सर?"

चांगले असतील बिचारे. असू देत. आमचे सर त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, अन् दोघांचा चहा एकाच ट्रेमधी आला होता.

प्रॅक्टिकलचे तीस मार्क त्या दोन खुर्च्यांच्या हातात. सरांनी त्यांच्या कानात काय सांगितलं असेल, मी विचार करून करून थकले. आता करत न्हाई. त्या तीसपैकी शून्यच मिळाले असं मी धरलंय. लेखी पेपर सत्तरचा हाय. तो दुसऱ्या गावी तपासायला जातो, त्यावर माझं नाव नसतं, वस्ती नसती, नुसता नंबर असतो. मी त्या सत्तराचा अभ्यास करायलेय. पहिल्या धड्यापासून. पहाटेच्या गाडीत, स्टँडवर, मायसंगं बांधावर.

सरळ अक्षरात.