समुद्रावरची डबल बेल

शेषराव पाईकराव यांनी एसटीच्या वसमत आगारात कंडक्टर म्हणून काढलेल्या सगळ्या नोकरीत धावत्या गाडीत वरचा दांडा एकदाही धरला नाही, ही गोष्ट वसमत बसस्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलात सर्वमान्य आहे. ती सर्वमान्य असण्याचे एक कारण असे, की मान्य करणारे बहुतेक जण शेषरावांनीच पाजलेला चहा पीत असतात. तरीही तेवढ्यावरून ती खोटी ठरवता येत नाही. हळदीची पोती, टोपलीतल्या कोंबड्या आणि बाजाराला निघालेला अर्धा तांडा पोटात घेऊन औंढ्याच्या रस्त्याने गचके खात जाणाऱ्या गाडीत हा उंच, सडपातळ माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटे देताना पाहिल्याचे सांगणारे लोक आजही गावोगाव भेटतात.

विरोधी साक्ष एकच आहे. पण ती त्यांच्या ड्रायव्हरची, अमृतरावांची आहे.

"दांडा धरत न्हवता, बराबर हाय," अमृतराव सांगतात. "पर मांडी सीटला टेकवून उभा राहायचा. मला आरशात दिसायचं की!"

"तू आरशात मला पाहून राहिला व्हता," शेषरावांचे उत्तर ठरलेले, "म्हणूनच गाडी खड्ड्यात जात व्हती."

हा वाद दोघांच्याही निवृत्तीनंतर चालू राहिला आणि त्याचा निकाल पुढे भलत्याच ठिकाणी लागला.

शेषरावांची कामाची रीत मात्र निर्विवाद होती. ड्रायव्हरचे तोंड रस्त्याकडे आणि कंडक्टरचे माणसांकडे, असे ते मानत. त्यामुळे गाडीत ते कायम मागे तोंड करून उभे राहत. दुसरी गोष्ट बेलची. दोरीचा एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शेवटचा माणूस पायरीवर नीट चढल्याशिवाय त्यांनी डबल बेल कधी दिली नाही, आणि तिच्याशिवाय अमृतरावांनीही गिअर टाकला नाही. लांबून धावत येणाऱ्या म्हातारीला शेषराव दारातून ओरडून सांगत, "घाई करू नका, मावशी! गाडी तुमाला सोडून जात न्हाई." परिणामी त्यांची गाडी नेहमी उशिरा पोचे आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारी नेहमी वेळेवर.

त्यांची मुलगी ऐश्वर्या वसमतलाच बी.ए. झाली, मग गोव्यात काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन रत्नागिरीत 'पर्यटनाच्या कामात' लागली. शेषराव हॉटेलात शिरत तेव्हा ती पर्यटनाच्या कामात असे. चहा संपेपर्यंत ती पर्यटन अधिकारी झालेली असे. ही बढती नेमकी कोणी दिली, याची चौकशी शेषरावांनी कधी होऊ दिली नाही.

आणि एके दिवशी अमृतरावांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येऊन थडकला. समुद्रात एका लांब फळीवर एक मुलगी उभी; हातात वल्हे. पाण्यात एक लठ्ठ गृहस्थ गटांगळ्या खात होते. मुलीने वाकून त्यांना जाकिटाच्या पट्ट्यांना धरून वर ओढले आणि ओल्या पोत्यासारखे फळीवर टाकले.

"शेषराव, ही तुमची ऐशूच न्हं?" अमृतरावांनी भर हॉटेलात विचारले. "अधिकारी बाई सायबाला धुऊन काढून राहिल्या जणू!"

हॉटेल हसले. शेषरावांनी चहा अर्धा टाकला आणि समोरच्या स्थानकात जाऊन रत्नागिरीचे आरक्षण केले. जाताना दोन सीट; येताना तीन.

"तीन काहून?" घरी बायकोने, मालनबाईंनी, विचारले.

"पोरीला घेऊन येऊन राहिलो. तलाठ्याची परीक्षा देईल. फळीवर उभं राहणं हे काय काम हाय?"

"तुमी काय केलं जन्मभर? उभंच राहिले न्हं?"

"ते गाडीत!"

"आन् पाण्याचं म्हणाल, तर सिद्धेश्वरच्या कालव्यात पाठीला डबा बांधून तिला ढकललं कोण? मी का?"

यावर शेषराव बॅग भरू लागले. उत्तर नसले, की ते बॅग भरत.

प्रवासात त्यांना कंडक्टरच्या लगेच मागची जागा मिळाली, हे त्या कंडक्टरचे दुर्दैव. "आधी पायरी पाहा, मंग दोरी वढा," ही सूचना त्याने नांदेडपर्यंत हसून घेतली, लातूरपर्यंत ऐकून घेतली आणि सोलापूरच्या पुढे हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही झोपा हो." शेषरावांना झोप येणे शक्य नव्हते. धावत्या गाडीत बसून राहण्याची त्यांना सवय नव्हती.

ऐश्वर्या रत्नागिरीच्या स्थानकावर आली होती. उन्हाने रापलेली, खांदे रुंद झालेले. "जयभीम बाबा" म्हणून तिने बॅग उचलली, ती एका बोटाने उचलावी तशी.

"थकले का?"

"बसून आलो. अंग दुखून राहिलं," शेषराव म्हणाले. "ऐशू, सरळ सांगतो. तुझं सीट बुक करून आलोय."

तिने वाद घातला नाही, हेच शेषरावांना खटकले. ती म्हणाली, "उद्या पहाटं माझी फेरी हाय. एकदा माझ्या गाडीवर या. मंग तुमी म्हणाल तर बॅग भरते. शब्द."

'फेरी' आणि 'गाडी' हे शब्द तिने मुद्दाम वापरले की सहज, हे शेषरावांना ठरवता आले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी ते किनाऱ्यावर उभे होते. वाळूवर माणसापेक्षा लांब, हवा भरलेल्या रुंद फळ्या ओळीने मांडल्या होत्या. फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने पाणी मागे सारत समुद्रात जायचे आणि तिथून सूर्योदय पाहायचा, असा बेत. पॅडलबोर्डिंग म्हणतात त्याला. कोल्हापूरच्या एका बँकेतल्या काही बायका आल्या होत्या. त्यांतली निळ्या टोपीची एक बाई आतापासूनच देवाचे नाव घेत होती.

"आधी गुडघ्यांवर बसायचं," ऐश्वर्या सर्वांना सांगत होती. "तोल आला की मध्यभागी उभं राहायचं. तोंड पुढे. पायांकडे बघायचं नाही, लांब बघायचं."

"ज्यानं वसमत-औंढा केलं, त्याला उभं राहायला शिकवती का?" शेषराव हळूच म्हणाले.

त्यांना तरंगायचे जाकीट चढवून ती त्यांच्या घोट्याला पट्टा बांधू लागली. पट्ट्याचे दुसरे टोक फळीला होते.

"पायाला दोरी? मी काय बोकड हाय?"

"दोरी फळीसाठी हाय, बाबा. तुमी पडले तर फळी पळू नाई म्हणून."

"मी पडत न्हाई."

मालनबाईंनी वाळूवर सतरंजी अंथरली, दशम्यांचे फडके सोडले आणि नीट दिसेल अशा बेताने बसून घेतले.

पुढे जे घडले ते पाहणारे बरेच होते, त्यामुळे त्यात संशयाला जागा नाही. कमरेएवढ्या पाण्यात ऐश्वर्याने फळी धरली. शेषराव गुडघे न टेकता सरळ तिच्यावर चढले आणि उभे राहिले. वल्हे त्यांनी तिकिटाच्या यंत्रासारखे काखेत मारले. दोन्ही हात मोकळे. ते खरोखर उभे राहिले, याची नोंद झालीच पाहिजे. फक्त ते मागे तोंड करून उभे राहिले, कारण माणसे मागे होती.

"चला, पुढं सरका! मधी लय जागा हाय!" त्यांनी बँकेच्या बायकांना सांगितले. दोघी खरेच सरकल्या.

मग त्यांनी वल्हे पाण्यात घातले. फळी सरळ जावी म्हणून तिच्या शेपटीखाली एक पाते असते. शेषराव उलटे उभे असल्याने ते आता पुढे आले होते, आणि फळी पुढे जायची सोडून गोल फिरू लागली. शेषरावांना रत्नागिरी दिसली, मग समुद्र, मग पुन्हा रत्नागिरी. या प्रकाराला ताबडतोब आळा घालायचा, तर एकच उपाय त्यांना ठाऊक होता. त्यांनी सिंगल बेल देण्यासाठी वर हात नेला. वर दोरी नव्हती, आकाश होते. तोल जाताना त्यांनी उजवी मांडी बाजूला टेकवायला नेली. तिथे सीट नव्हती.

अमृतरावांच्या साक्षीचा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला.

"आवो, दांडा धरा! दांडा!" वाहून चाललेल्या वल्ह्याकडे बोट दाखवीत मालनबाई काठावरून ओरडल्या.

शेषराव वर आले. "पाणी खारट हाय," त्यांनी तक्रारीच्या सुरात जाहीर केले, पुन्हा चढले आणि पुन्हा पडले. तिसऱ्या खेपेला ते नुसतेच पडले. चढण्याचा भाग राहून गेला. तेव्हा ऐश्वर्या वाकली, त्यांच्या जाकिटाच्या दोन्ही पट्ट्या धरल्या आणि त्यांना ओढून आपल्या फळीवर घेतले. पकड तीच, व्हिडिओतली. शेषरावांनी आधी चहूकडे पाहिले.

"मोबाइल हाय का कुणाच्या हातात?"

"न्हाई, बाबा. त्या व्हिडिओपासून सगळ्यांचे मोबाइल काठावरच ठेवायला लावते मी."

"हां," शेषराव खोकत म्हणाले. "हा नियम चांगला हाय."

धावत्या गाडीत न बसणारा माणूस मग निमूटपणे मुलीच्या फळीच्या टोकाला मांडी घालून बसला. तोंड अर्थातच मागे. त्यामुळे त्यांच्यासमोर वल्हे मारणारी ऐश्वर्या होती, तिच्या पाठीमागे बँकेच्या बायका आणि त्याही पलीकडे किनारा. दोरीने बांधलेली त्यांची रिकामी फळी नादुरुस्त गाडीसारखी मागून ओढली जात होती.

थोडे अंतर गेल्यावर निळ्या टोपीची बाई थांबली. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हातांनी फळी गच्च धरली आणि डोळे मिटले.

"अहो मॅडम, चला की! सूर्य उगवेल!" बाकीच्या ओरडू लागल्या. "तिला राहू दे मागं, येईल ती!"

ऐश्वर्याने हात वर करून सगळ्यांना थांबवले. फळी वळवून ती त्या बाईजवळ गेली.

"घाई करू नका, मावशी," ती म्हणाली. "गाडी तुम्हाला सोडून जात नाही."

शेषराव चपापले. हे आपल्याला ऐकवण्यासाठी म्हटले का, याचा त्यांना रास्त संशय आला. त्यांनी मुलीचा चेहरा निरखून पाहिला. तिचे त्यांच्याकडे लक्षच नव्हते. तिची नजर एकेका बाईवरून फिरत जाऊन पुन्हा त्या शेवटच्या बाईवर येऊन थांबत होती. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. मात्र त्यांनी ती आजवर कधी पाहिली नव्हती. कारण ती त्यांची स्वतःची होती, आणि आरसा नेहमी अमृतरावांकडे असे.

बरीच समजूत काढल्यावर ती बाई उभी राहिली आणि ऐश्वर्याने फळी पुन्हा समुद्राकडे वळवली. तोवर चांगले फटफटले होते, आणि सगळ्या जणी पश्चिमेला समुद्राकडे टक लावून बसल्या होत्या.

"पण सूर्य कुठाय?" एकीने विचारले.

तो फक्त शेषरावांना दिसत होता. रत्नागिरीच्या कौलांमागे, डोंगराच्या कडेवरून तांबडा गोळा वर येत होता.

"मागं पाहा, मागं!" ते ओरडले. "मागच्या दारानं चढून राहिला!"

सगळ्या एकदम वळल्या. दोघी पाण्यात पडल्या. ऐश्वर्या दोघींसाठी थांबली. दोघी वर येईपर्यंत सूर्य चांगला हातभर वर आला, पण आता कोणी ओरडले नाही.

परतीच्या वाटेवर ऐश्वर्या वल्हे मारता मारता हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, बॅग भरू का?"

शेषरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. "गाडी चालू असताना ड्रायवरशी बोलायचं नसतं. लिवलेलं असतंय."

तिने वल्हे पाण्यातून काढून आडवे धरले. फळी मंदावली, थांबली आणि जागच्या जागी डुलू लागली.

"थांबली गाडी. आता बोला."

शेषरावांनी मागे नजर टाकली. एकेक बाई पाहून घेतली. निळी टोपी सर्वांच्या शेवटी, गुडघे वाकवून, पण उभी होती. त्यांनी सवयीने हात वर नेला, रिकामे आकाश पाहून तो खाली आणला आणि तळहाताने फळीवर एक थाप मारली.

टप.

ऐश्वर्याचे वल्हे आडवेच राहिले. एका टोल्याचा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक होता. काठावर मालनबाई दशमी हातात धरून उभ्या राहिल्या होत्या. शेषरावांनी घसा खाकरला, पुन्हा एकदा शेवटच्या बाईकडे पाहून खात्री केली.

टप.

ऐश्वर्याने वल्हे पाण्यात घातले.

परतीच्या गाडीत तिसऱ्या सीटवर मालनबाईंनी सुकटीची पिशवी ठेवली. तिच्या वासाने नाक मुरडत कंडक्टर यादी पाहू लागला, तेव्हा शेषराव स्वतःहून ताठ बसले.

"काका, आरक्षण तिघांचं आहे. तिसरं पॅसेंजर कुठाय?"

"तिची वाट पाहू नका, द्या डबल बेल," शेषराव म्हणाले. "ती ड्युटीवर हाय."