आमिश वडे कुणाच्या हातचे

काकूंच्या घरी मी पाच वर्षं पोळ्या करते. त्यांची सून अमेरिकेहून आली होती. तिनं एकदा जेवताना सांगितलं, तिकडं आमिश म्हणून शेतकरी लोक आहेत, घोड्यांनी शेती करतात, घरात लाइट घेत नाहीत. त्यांच्या बाजारात कांद्याचे कुरकुरीत वडे मिळतात.

मी म्हणाले, "आमच्या किनवटकडं पण लाइट नसते ताई, पण आमचे वडे खायला कोणी येत नाय."

सून लई हसली. काकू म्हणाल्या, "तू शिकून घे ते. माझ्या भिशीला कर. हे हिच्या हातचं, असं मी सगळ्यांसमोर सांगते. दिवाळीच्या ऑर्डरी मिळतील तुला."

मी सातवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन इथं शहरात आले तेव्हा क्रांती चौकात रस्ता ओलांडायला घाबरायचे. काकूंनीच मला बँकेत नेलं, पोरींना शाळेत घातलं. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण पोळ्यावाली सोडून आपल्या नावाचं एक काम असावं, एवढं मनात होतं.

शहागंजच्या बाजारातून मक्याचं पीठ आणलं आणि सुनेनं सांगितलं तसे घरी करून बघितले. मैदा, मक्याचं पीठ, चिमूटभर साखर, बेकिंग पावडर, दूध. कांदा चिरून सवयीनं मीठ चोळून ठेवला, भज्याला ठेवतो तसा. कांद्याला पाणी सुटलं, पीठ पातळ झालं, वडे तेल पिऊन बसले. पोरी म्हणाल्या, "आई, ही धिरडी हायेत का?" तिसऱ्या खेपेला कळलं. मीठ पिठात घालायचं, कांदा अगदी शेवटी, आणि तेलात सोडल्यावर चमच्याच्या पाठीनं दाबायचं. कडा जाळीसारख्या कुरकुरीत झाल्या.

भिशीच्या दिवशी काकूंच्या आत्येसासूबाई अचानक आल्या. म्हाताऱ्या, कडक. परक्या हातचं तळलेलं, शिजवलेलं खात नाहीत. मी स्वयंपाकघरात कढईपाशी होते, दार उघडं होतं.

"कुणी केले गं हे?" आत्यांनी विचारलं.

"मीच केले आत्या," काकू म्हणाल्या. "घ्या ना गरम गरम."

सून काहीतरी बोलणार होती. काकूंनी तिच्याकडं नुसतं बघितलं. आत्यांनी चार खाल्ले. मग मी रिकामं ताट न्यायला दारात आले, तशी मला बघून म्हणाल्या, "तू काय करतेस इथं?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "कांदा चिरून देते."

हे मीच म्हणाले. त्याचा राग मला काकूंवरच्या रागापेक्षा जास्त आहे.

कढईत पुढचा घाणा सोडताना एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. आत्या मुक्कामाला असल्या की काकू मला म्हणायच्या, "आज सकाळीच पोळ्या करून जा गं, जरा आराम कर." मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, काकू किती माया करतात. म्हणजे पाच वर्षं आत्या माझ्याच पोळ्या खात होत्या, आणि मला आरामाला नाही, नजरेआड पाठवलेलं होतं. "तू घरचीच आहेस," असं त्या किती वेळा म्हणाल्या असतील!

दोन दिवसांनी धीर करून विचारलं, "काकू, ऑर्डरीचं बायकांना सांगणार होता ना?"

काकू कोथिंबीर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आता कसं सांगू? सगळ्यांना वाटतंय मीच केले. चौघींनी तर माझ्याकडंच मागितलेत. असं कर, तू करून दे, मी माझं म्हणून देते. पैसे सगळे तुझेच. तुला काय फरक पडतो?"

त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझं भलं करताहेत. आवाजात नेहमीचीच माया होती. तीच मला सोसवेना.

"नाय काकू," मी म्हणाले. "माझं म्हणून सांगणार असाल तर करते."

त्यांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या सांगणार की ऑर्डरीच सोडणार, ते कळलं नाही.

मी परातीत पीठ घेतलं. पाणी जास्त पडलं. उद्यापासून येऊ की नको, हे विचारायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.