गच्चीबंदीची पाटी

आमच्या नारायण पेठेतल्या सोसायटीचे रंगनाथकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि खात्याचा त्रास आमच्या वाट्याला आला. माणूस वाईट नाही हो! कुणाला दुखलं-खुपलं तर रिक्षा घेऊन पहिले हजर. पण पाट्यांचं भारी वेड. जिन्यात पाटी, नळावर पाटी, पाट्या वाचाव्यात अशीही एक पाटी.

गच्चीवर सोलर पॅनेलं आली आणि काकांना दुसरी नोकरीच लागली. रोज पहाटे स्वतः पुसायचे. उन्हाळ्यात घरोघरी पंखे-कूलर सुरू झाले, वीज कमी पडू लागली, तसं त्यांनी खापर फोडलं यमुनाबाईंवर. तळमजल्यावरची एकटी बाई. उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांवर तिचं वर्ष निघतं.

"तुमच्या वाळवणाच्या साड्या उडून पॅनेलवर पडतात."

"अहो, कोपऱ्यांवर विटा ठेवते मी!"

ऐकतो कोण? पॅनेलशेजारी खांब रोवून काकांनी पाटी लावली: 'पॅनेलवर सावली पाडणाऱ्यास गच्चीबंदी. अपवाद नाही.' गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली गेली काकांच्या जानव्याला. यमुनाबाईंचे पापड खोलीत पंख्याखाली वाळू लागले. वास येतो म्हणून गिऱ्हाइकांनी परत पाठवले. असा संताप आला मला!

वीज मात्र वाढेना, उलट आणखी घटली. मग काका हट्टालाच पेटले. पुरावा हवा म्हणून त्यांनी ड्रोनवाली मुलगी बोलावली, उत्कर्षा. तिच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याला म्हणे उष्णता दिसते. दुपार कलल्यावर आम्ही सगळे गच्चीत जमलो. यमुनाबाईंना तर खास बोलावणं, आरोपी म्हणून.

ड्रोन घरघरत वर गेला. स्क्रीनवर सगळी पॅनेलं जांभळी, फक्त एकावर पिवळाधमक डाग.

"बघा!" काका ओरडले. "इथंच पडायच्या साड्या!"

"काका, हा हॉटस्पॉट आहे," उत्कर्षा म्हणाली. "पॅनेलच्या थोड्याच भागावर रोज सावली पडली, की तेवढा भाग वीज करायची सोडून तापत बसतो. सावली आत्ताही पडलीये, बघा ना. तो बोर्ड काढा आधी."

आम्ही वळून पाहिलं. पाटीची चौकोनी सावली त्याच पॅनेलवर होती. काकांचा चेहरा इतका पडला, की मलाही क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

यमुनाबाईंनी चष्मा लावला आणि पाटी मोठ्यानं वाचली, 'अपवाद नाही'पर्यंत. मग काकांपुढे हात केला.

"किल्ली."

काकांनी जानव्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"उद्या कावळे हाकलायला या," त्या म्हणाल्या. "माझ्या परवानगीनं. आणि उभे राहाल ते सावली न पाडता."