अर्धं शटर

बरोबर एक वाजता समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं आणि आमच्या कचेरीच्या खिडकीशी आम्ही चौघं डबे उघडता उघडता हसतो. दुकान कुलथ्यांचं. गेल्या वर्षापर्यंत ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. "आता कुणाची चाकरी नाही," असं निरोपाच्या दिवशी म्हणाले आणि त्यांनी समोरच गाळा घेतला.

एकला आमचं काउंटर बंद होतं. कागद अपुरे म्हणून आम्ही परत पाठवलेली माणसं झेरॉक्ससाठी रस्ता ओलांडतात, ते अर्धं शटर बघतात आणि पुढच्या चौकाकडे चालू लागतात. दिवसभरातलं खरं गिऱ्हाईक तेवढंच. आत कुलथे पोळीभाजी खात असतात. सव्वीस वर्षं घड्याळ बघून जेवलेला माणूस राजीनामा देतो, पण त्याच्या पोटात एक वाजायचं काही थांबत नाही.

काल ते रस्त्यात भेटले. चेहरा उतरला होता.

"माझं काय चुकतंय हो?" त्यांनी विचारलं.

उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नवीन आहे अजून. हळूहळू जम बसेल," मी म्हणालो.

त्यांचं दुकान चाललं, तर मला कचेरीतल्या या खुर्चीत बसून राहवणार नाही.

आज मी एकच्या जरा आधीच खिडकीत जाऊन उभा राहिलो. शटर अर्ध्यावर आलं. तेव्हा कुठे मला भूक लागली.