तुकडा न तपासता

"पायजमा वर घे आणि बस," डॉक्टर हातमोजा काढत म्हणाला. दार अर्धं उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर बाया बसल्या होत्या, त्यांच्यात माझी बायकोही. मी पायजम्याची नाडी बांधत होतो आणि तो दाराकडे तोंड करून कंपाउंडरला ओरडून सांगत होता, "कॅन्सर आहे याला. परवा घेऊ. खालच्या दोन्ही गोळ्या काढून टाकायच्या."

मग माझ्याकडे बघून हसला. "पोरंबाळं झाली ना तुझी? मग आता गोळ्यांचं काय लोणचं घालायचंय?"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. कंपाउंडर तर हसलाच. आणि मी म्हणालो, "हो साहेब."

ते "हो साहेब" मला अजून टोचतं. माझा बाप मालगुजाराच्या अंगणात उभा राहून जन्मभर "हो मालक" म्हणाला. मी शिकलो, एसटीत कंडक्टर झालो, घर बांधलं, रिटायर झालो. आणि म्हातारपणी, नाडी हातात धरून, "हो साहेब" म्हणालो. शब्द तेवढा बदलला. मान तशीच खाली.

पवनारहून आम्ही दोघं सकाळच्या बसनं वर्ध्याला आलो होतो. लघवीची धार बारीक झाली होती, सारखं उठावं लागायचं. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासायला लावलं. त्यात पीएसए म्हणून प्रोस्टेटच्या गाठीचा एक आकडा असतो, तो वाढलेला निघाला. म्हणून हा मोठा दवाखाना.

माझ्या आधी एका कापड दुकानदाराचा नंबर होता. बाकावर बसल्या बसल्या आम्ही एकमेकांचे रिपोर्ट पाहिले. त्याचा आकडा माझ्याहून जास्तच होता. तो आत गेला तेव्हा दार लागलं. बाहेर आला तेव्हा डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत आला. म्हणाला, "काका, घाबरू नका. नुसत्या रक्तावरून कॅन्सर म्हणता येत नाही. गाठ सुजली तरी आकडा वाढतो. आधी एमआरआय, मग बायोप्सी. तुकडा तपासल्याशिवाय मी काही ठरवत नाही."

हे मी या कानांनी ऐकलं.

मग मी आत गेलो. त्यानं नाव विचारलं. आडनाव विचारलं. गाव विचारलं. "गावात कोणत्या बाजूला?" असंही विचारलं. लघवीचा आणि घराच्या बाजूचा काय संबंध? पण हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. "बुद्धविहाराजवळ," मी सांगितलं. तिथून पुढे मी "तू" झालो.

बाहेर येऊन बाकावर बसलो. बायकोनं सगळं ऐकलं होतं, बाकीच्यांनीही. कंपाउंडर येऊन म्हणाला, "परवा उपाशी येजो." दुकानदाराला तुकडा लागतो, मला का नाही? इतकी घाई कशाची? हा मला बरं करतोय, की उरकून टाकतोय? म्हणतात, तुम्ही लोक फार संशयी. आहोत. दुधानं तोंड पोळलंय आमचं, ताकही फुंकूनच पिणार.

मी उठलो. नंबर नसताना आत शिरलो.

"साहेब, कशावरून?"

"काय कशावरून?"

"मले कॅन्सर हाय, हे कशावरून म्हणता? त्या काकाचा तुकडा तपासून राह्यले. माझा काऊन नाई?"

त्यानं मान वर केली नाही. "त्यांचं वेगळं आहे. तुम्ही लोक एकदा तपासून जाता आणि परत फिरकत नाही. हाताला कडक लागलंय, तेवढं पुरे. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

भल्याचं! डोकंच फिरलं माझं.

"साहेब, मी एसटीत कंडक्टर होतो. संशय मलेबी येत जाय. पण तिकीट मागितल्याबिगर मी कोनाले गाडीतून उतरवलं नाई. तुमी तर मले कापून राह्यले!"

"मग जा तुझ्या गाडीनं," तो म्हणाला.

गेलो. बाहेर रस्त्यावर बायको रडत होती. "काऊन भांडले जी? डॉक्टर होय तो." तिचं चुकत नव्हतं. भीती मलाही होतीच.

मग सरकारी दवाखाना धरला. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी दार लावलं, मग "तपासू का?" म्हणून विचारलं. मला तिचाही संशय आला. इतकी गोड का बोलते ही? मी तिलाही तेच विचारलं. तुकड्याशिवाय कळतं का? ती म्हणाली, "रक्त, बोटानं तपासणी, एमआरआय, यातून संशय येतो. कुठं बघायचं ते एमआरआय दाखवतो. काय आहे, ते तुकडा सांगतो. रोग हाडांत पसरलाय, माणूस अगदी खचलाय, सुई सोसवणार नाही, अशा वेळी कधी तुकड्याशिवाय औषध सुरू करतात. तुम्ही तर जिना चढून आलात."

सुया टोचल्या. दुखलं. लघवीत रक्त आलं, घाबरलो, ते थांबलं. मग निकाल आला.

कॅन्सर निघाला.

पण गाठीच्या आतच आहे, स्कॅनमध्ये बाहेर कुठं दिसला नाही. जात हळू वाढणारी. गोळ्या काढतात त्या रोग पसरल्यावर, मला त्याची काही गरज नाही. नुसतं लक्ष ठेवायचं की रेडिएशनचा शेक द्यायचा, ते मला विचारून ठरणार आहे.

बायको म्हणाली, "पण तोबी तर कॅन्सरच म्हणे जी." गावातले शहाणेही तेच म्हणतात. उगाच भांडलास, डॉक्टर खराच होता.

नव्हता. त्यानं माझा रोग ओळखला नाही, माझी वस्ती ओळखली. त्याच्या हातून मी कायमचा कापला गेलो असतो, आणि वर त्याचे आभार मानले असते.

रोग माझ्या अंगात आहे. तो मी सोसेन. पण आता माझ्या अंगाला हात लावणाऱ्यानं, मग तो कितीही मोठा असो, आधी दार लावायचं. मग खुर्चीवर बसवून सांगायचं, कशावरून. ते सांगेपर्यंत माझी नाडी सुटणार नाही.